पक्षाघातानंतरच्या हस्तवापर-प्रश्नावलीचे मराठीकरण : प्रमाणीकरणाच्या पद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना

मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने, रक्तस्राव झाल्याने किंवा अपघातातील आघाताने मेंदूला इजा झाली की अनेकदा शरीराची एक बाजू दुर्बळ होते. पाय बहुधा लवकर सावरतो. हात मागे राहतो. रुग्णालयातून घरी गेल्यावर रुग्ण तो हात प्रत्यक्षात किती वापरतो, हे उपचारकाला दिसत नाही. ते विचारूनच जाणून घ्यावे लागते आणि त्यासाठी प्रश्नावली लागते. अशा प्रश्नावल्या बहुतांशी इंग्रजीत तयार झालेल्या आहेत. आपल्याकडील भौतिकोपचाराच्या पदव्युत्तर प्रबंधांत त्यांचे मराठीकरण केले जाते आणि नंतर त्या मराठी रूपाचे ‘प्रमाणीकरण’ झाल्याचे नोंदवले जाते. या प्रक्रियेत भाषेच्या अध्यापकाला स्थान असते ते बहुधा शेवटच्या टप्प्यावर, भाषांतर बरोबर असल्याच्या प्रमाणपत्रावर सही करण्यापुरते. एखाद्या वाक्यातील ऱ्हस्व-दीर्घ सुधारून तो कागद परत देतो, आणि त्याचे काम संपले असे दोन्ही पक्ष मानतात.

प्रस्तुत लेखात ‘मोटर ॲक्टिव्हिटी लॉग’ या प्रश्नावलीचे वाचन एक संहिता म्हणून केले आहे. हा सांख्यिकीय अभ्यास नाही. राजारामपुरीसारख्या, दवाखाने आणि भौतिकोपचार केंद्रे यांनी गजबजलेल्या भागात कागल, गडहिंग्लजपासून निपाणी-चिकोडीपर्यंतचे रुग्ण येतात. त्यांच्यासमोर ही संहिता मराठीत ठेवली तर तिच्यातील प्रत्येक शब्द कोणते उत्तर ओढून आणील, एवढाच येथे प्रश्न आहे. प्रमाणीकरणाच्या रूढ पद्धतीत वाक्ये तपासली जातात. ती वाक्ये ज्या घरात विचारली जातात ते घर तपासले जात नाही, असे प्रस्तुत अभ्यासकाचे म्हणणे आहे.

मूळ साधन आणि त्यामागील विचार

अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील एडवर्ड टाउब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जुन्या पक्षाघातावरील आपल्या उपचारपद्धतीचे निष्कर्ष मांडले, तेव्हा हे साधन पुढे आले. या उपचारात चांगला हात दिवसातील बराच काळ बांधून ठेवतात आणि दुर्बळ हाताकडून सराव करून घेतात. त्यामागील कल्पना लक्षवेधी आहे. इजेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत रुग्ण दुर्बळ हात वापरू पाहतो, अपयशी ठरतो, चांगल्या हाताने काम भागवतो. पुढे मेंदू काहीसा सावरला तरी हात न वापरण्याची सवय जडलेली असते. टाउब यांनी याला ‘शिकलेला अवापर’ या अर्थाची संज्ञा दिली. म्हणून हात काय करू शकतो आणि रुग्ण हाताने काय करतो, या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. पहिली गोष्ट दवाखान्यात चाचणी घेऊन कळते. दुसरीसाठी ही प्रश्नावली आहे.

तिच्या विस्तृत रूपात ३० दैनंदिन कृती आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, २२२ रुग्णांचा समावेश असलेल्या अमेरिकेतील बहुकेंद्री चाचणीत या साधनाचा प्रमुख मोजमाप म्हणून उपयोग झाला आणि त्याच वर्षी गितेंद्र उस्वत्ते व सहकाऱ्यांनी तिच्या २८ कृतींच्या रूपाची विश्वसनीयता व वैधता मांडली. प्रत्येक कृतीसाठी दुर्बळ हात किती वेळा वापरला आणि किती चांगला चालला, असे दोन प्रश्न असतात. उत्तर ० ते ५ या मोजपट्टीवर. लागू असलेल्या कृतींची सरासरी म्हणजे रुग्णाचा गुणांक. रुग्णाबरोबरच त्याची काळजी घेणाऱ्यालाही हेच प्रश्न विचारण्याची सोय आहे.

कृतींची यादी : कोणाचे घर?

या ३० कृती वाचताना एक घर डोळ्यांसमोर उभे राहते. त्या घरात मोटार आहे, फ्रिज आहे, दाराला फिरवायची मूठ आहे, जेवणाचे मेज आहे. मोजे घालणे व काढणे, बूट घालणे व काढणे अशा चार कृती पायांसाठी आहेत. हात असलेल्या खुर्चीतून उठणे, खुर्ची मेजापासून ओढणे, बसल्यावर ती मेजाकडे सरकवणे अशा तीन कृती खुर्चीसाठी. म्हणजे जवळजवळ पाव प्रश्नावली बूट-मोजे आणि खुर्चीत गेली. कोल्हापुरात ज्या माणसाने हयातभर कापशी चप्पल पायात सरकवली, त्याला या चार प्रश्नांचे काय करावे? चप्पल घालायला हात लागतच नाही. जमिनीवर पाट टाकून जेवणाऱ्या आजींना खुर्ची मेजाकडे ओढण्याचा प्रश्न विचारला तर त्या विचारणाऱ्याकडेच पाहत राहतील.

अर्थात, आज राजारामपुरीच्या गल्ल्यांतील कितीतरी घरांत मोटार, फ्रिज, टीव्हीचा रिमोट आणि जेवणाचे मेज आहे. तेव्हा ‘आपल्याकडे हे नसतेच’ असा सरसकट आक्षेप घेणे खोटे ठरेल. खरा आक्षेप, काय नाही याबद्दल आहे. साडीच्या निऱ्या घालणे, पदर खोचणे, वेणी घालणे, पीठ मळणे, कपडे पिळणे, लेंग्याची नाडी बांधणे, म्हशीची धार काढणे, देवापुढे टाळी वाजवणे, आल्यागेल्याला नमस्कार करणे यांतील एकही कृती यादीत नाही. तंबाखू मळणे ही कृती घ्या. डाव्या तळव्याची खोलगट ठेवण, त्यावर उजव्या अंगठ्याचा दाब, मग दुसऱ्या हाताने झटकून चुना उडवणे : दोन्ही हातांच्या समन्वयाची इतकी बारीक परीक्षा दवाखान्यातील खुंट्या-ठोकळ्यांनीही क्वचितच होते. व्यसनाचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. परंतु निपाणी पट्ट्यातील म्हातारा ‘आता मळवत नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याने आपल्या हाताचे निदान सांगितलेले असते.

बदली कृती निवडताना भाषांतरकार नावाला नाव शोधतो, हा दुसरा दोष. दाराची मूठ फिरवणे याच्या जागी ‘दाराची कडी काढणे’ असे लिहिले की ओळ मराठी झाली. पण मूळ कृतीत मनगटासह हाताचा खालचा भाग फिरतो, कडी काढताना तो फिरत नाही, सरळ ओढला जातो. त्या जागी गॅसच्या शेगडीचे बटण फिरवणे अधिक जवळचे ठरेल. सँडविचचा तुकडा किंवा हाताने खायचा पदार्थ खाणे ही मूळ यादीत पकडून तोंडाकडे नेण्याची साधी कृती आहे. तिचे ‘भाकरी खाणे’ केले की एका हाताच्या बोटांनी भाकरी दाबून तुकडा मोडणे, तो कालवणात बुडवणे आणि न सांडता तोंडाशी नेणे, अशा तीन कृती एका ओळीत शिरतात. मूळची सोपी कृती मराठीत अवघड होते आणि चमच्याने खाणे ही त्याच यादीतील कृती तिच्यापेक्षा सोपी ठरते. दोन्ही वाक्ये शुद्ध मराठीत असतात. भाषातज्ज्ञाची सही दोहोंवर होते.

हात कोठून कोठपर्यंत?

इंग्रजीत खांद्यापासूनच्या अवयवाला एक शब्द आणि मनगटापुढच्या भागाला दुसरा. मराठीत दोन्ही ‘हात’. बाहू काव्यात राहिला, भुजा मूर्तीला राहिल्या, दंड हा वरचा भाग. प्रश्न ‘हात वापरला का?’ असा केला की रुग्णाच्या मनात पंजा येतो. पिशवी कोपराच्या वाकणात अडकवून किंवा काखेत दाबून आणणारी बाई ‘हात नाही वापरला’ म्हणते. मूळ साधनाच्या दृष्टीने तिने तो वापरलेला असतो. येथे एक शब्द शोधण्यापेक्षा प्रारंभीच ‘खांद्यापासून बोटांपर्यंत कोणताही भाग’ असे सांगून टाकणे श्रेयस्कर.

दुर्बळ हाताचे नावही असेच. ‘बाधित बाजू’ हा प्रबंधांतील शब्द रुग्णाच्या कानाला करणी-बाधेच्या जवळचा वाटतो. लोक ‘वारं गेलं’ म्हणतात, ‘लकवा मारला’ म्हणतात, हात ‘जड झाला’, ‘उचलत नाही’ म्हणतात. प्रश्नावलीतील मराठी यांपैकी कोणतीच नसते.

याहून महत्त्वाची गोष्ट व्याकरणात आहे. मराठीत ‘मी करत नाही’ आणि ‘मला करवत नाही’ असा भेद क्रियापदाच्या रूपातच आहे. व्याकरणकार ज्यांना शक्य क्रियापदे म्हणतात ती ही रूपे. हात काय करू शकतो आणि रुग्ण हाताने काय करतो हा जो भेद स्पष्ट करण्यासाठी टाउब यांना एक संज्ञा घडवावी लागली, तो मराठी माणूस रोजच्या बोलण्यात एका प्रत्ययाने करतो. परंतु आजारपणाबद्दल विचारले की तो जवळजवळ नेहमी शक्य रूपातच बोलतो. ‘या आठवड्यात कप त्या हाताने उचलला का?’ असे विचारले तर उत्तर येते, ‘उचलवतोय की आता.’ प्रश्न वापराचा होता, उत्तर क्षमतेचे आले. कप आठवडाभर उजव्या हाताने उचलला गेला असेल आणि तरीही कागदावर चार किंवा पाच गुण पडतील. हा धोका इंग्रजीतही आहे, म्हणूनच ही प्रश्नावली मुलाखत घेऊन भरायची असते, रुग्णाच्या हाती देऊन नव्हे. मराठीत मात्र मुलाखतकाराला ‘-वतो’ आणि ‘-तो’ यांच्याकडे कान ठेवण्याचे प्रशिक्षण दिल्याशिवाय ती वापरूच नये, असे म्हणावेसे वाटते.

मोजपट्टीची भाषा

गुणवत्तेच्या मोजपट्टीवर ३ म्हणजे मध्यम, ५ म्हणजे पूर्ववत. ३ साठी भाषांतरकाराच्या लेखणीतून सहज उतरणारा शब्द ‘बरा’. पण ‘हात बरा चालतो’ म्हणजे बेताचा चालतो आणि ‘हात बरा झाला’ म्हणजे दुखणे गेले. एकच विशेषण मोजपट्टीच्या मध्यावरही बसते आणि टोकावरही. उलटभाषांतर करणारा इंग्रजीचा जाणकार ‘बरा’ या शब्दाचे पुन्हा मध्यम असेच भाषांतर करील आणि समितीला समाधान वाटेल. दवाखान्यातील रुग्ण मात्र दुसरा अर्थ घेऊन उत्तर देईल. उलटभाषांतराची ही मर्यादा रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये ही पद्धत मांडली तेव्हापासून तिच्यासोबत आहे : दोन सुशिक्षित द्विभाषिकांमधील सामंजस्य ती सिद्ध करते.

वापराच्या मोजपट्टीवर ३ म्हणजे आजारापूर्वीच्या निम्मा, ४ म्हणजे पाऊण, ५ म्हणजे पूर्वीइतका. भाषांतरांत येथे ‘मध्यम प्रमाणात’, ‘बऱ्याच प्रमाणात’ असे शब्द येतात. त्याऐवजी दवाखान्याच्या बाकावर कान दिला तर मोजपट्टी तयारच मिळते. ‘आठ आणे फरक हाय’, ‘बारा आणे सुधारलं’ असे वयस्क रुग्ण आपणहून सांगतात. आण्याचे नाणे व्यवहारातून जाऊन कित्येक दशके लोटली, तरी बरे वाटण्याचा हिशेब अद्याप सोळा आण्यांतच होतो. आठ, बारा आणि सोळा आणे हे मूळ मोजपट्टीच्या वरच्या तीन पायऱ्यांशी तंतोतंत जुळतात. तरुण रुग्णांना अर्थातच निम्मे, पाऊण, पूर्ण असे विचारावे लागेल.

शून्याचे अर्थ

रुग्णाने एखादी कृती दुर्बळ हाताने केली नाही असे सांगितले की मूळ साधन तेथे थांबत नाही, कारण विचारते. चांगल्या हाताने केली, दुसऱ्या कोणीतरी करून दिली, ती कृती शक्यच नसते (टक्कल असलेल्याने केस विंचरणे), या काळात प्रसंगच आला नाही, किंवा ती पूर्वीपासून प्रभावी हातानेच करत असे, अशी कारणे त्यात धरली आहेत. पहिल्या दोन कारणांना शून्य गुण मिळतात. कृती शक्यच नसेल किंवा ती पूर्वीपासून दुसऱ्याच हाताची असेल, तर ती हिशेबातून वगळली जाते. सगळ्या प्रश्नावलीत मला हा भाग सर्वाधिक मोलाचा वाटतो, आणि मराठीकरणात सर्वाधिक दुर्लक्ष त्याकडेच होण्याचा संभव आहे, कारण तो प्रश्नांच्या यादीत नसून सूचनांत असतो.

‘दुसऱ्या कोणीतरी करून दिली’ हे कारण आपल्या घरांत अपवाद नसून रीत आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसाला वारे गेले की सून घास भरवते, मुलगा बटणे लावून देतो, नातू चपला पुढे ठेवतो. काळजीवाहकाला विचारावे तर उत्तर येते, ‘आम्ही त्यांना काही म्हणजे काही करू देत नाही.’ हे वाक्य अभिमानाने उच्चारलेले असते. उलट ‘त्यांचं त्या करतात’ असे सुनेने परक्यासमोर म्हणणे म्हणजे आपणच आपल्यावर ठपका ठेवणे. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना तर विचारायलाच नको. त्यामुळे मराठीत या प्रश्नावलीतील शून्य हा अनेकदा हाताचा गुण नसतो, घराच्या प्रतिष्ठेचा असतो. टाउब यांचा शिकलेला अवापर रुग्णाच्या अपयशातून जन्मतो. येथे तो मायेतून शिकवला जातो. दोहोंवर उपचार वेगळे आहेत. पहिल्यात रुग्णाचा सराव हवा, दुसऱ्यात आधी सुनेशी बोलायला हवे. दोन्ही शून्ये सारखीच मोजली तर उपचारकाला यातील काहीच दिसणार नाही. आणि ज्या घरात भरवायला कोणी नाही, तेथील एकट्या बाईचा गुणांक चांगला दिसेल, तिचा हात तेवढाच दुर्बळ असला तरी.

डाव्या-उजव्याचा प्रश्न याहून अवघड आहे. मूळ साधनात ‘प्रभावी हात’ ही कौशल्याची कल्पना आहे. मराठीत उजवा आणि डावा यांत कौशल्यापेक्षा शुद्धाशुद्धाची वाटणी जुनी आहे. देवाचा कौल उजवा मिळतो. मागे टाकलेल्याला डावलले जाते. जेवणे, वाढणे, प्रसाद घेणे, पैसे देणे उजव्या हाताने. शौचानंतर धुणे डाव्या हाताने. उजवी बाजू गेलेल्या माणसाला डाव्या हाताने जेवण्यापेक्षा भरवून घेणे कमी लाजिरवाणे वाटू शकते, आणि त्याचे शून्य ‘दुसऱ्याने केले’ या रकान्यात जाते. डावी बाजू गेलेल्याच्या बाबतीत जेवणाच्या कृती ‘पूर्वीपासून उजव्यानेच’ म्हणून वगळल्या जाण्याचा संभव असतो. तसे झाले तर त्याची सरासरी कमी कृतींवर निघते. उरते ते त्याच्या डाव्या हाताचे रोजचे खाजगी काम. तेच आता उजव्या हाताला करावे लागते, ज्या हाताने तो जेवतो. त्याच्या दिवसातील हा सर्वांत मोठा बदल. ३० कृतींत त्याचा प्रश्नच नाही. १९६५ च्या बार्थेल निर्देशांकात शौचालयाच्या वापराचा प्रश्न आहे, पण तेथे मदत लागते का एवढेच विचारले जाते. हात कोणता हे विचारले जात नाही.

प्रमाणीकरणाची आकडेमोड

डॉर्कास बीटन व सहकाऱ्यांची २०००ची मार्गदर्शक तत्त्वे आपल्याकडील प्रबंधांत वारंवार उद्धृत होतात : दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा मेळ, दोन उलटभाषांतरे, तज्ज्ञ समिती, ३० ते ४० व्यक्तींवर पूर्वचाचणी. पद्धत चांगली आहे. मात्र पूर्वचाचणीत ‘समजलं का?’ एवढेच विचारले जाते आणि डॉक्टरांसमोर बसलेला रुग्ण ‘व्हय, समजलं’ म्हणतो. तत्त्वांना अभिप्रेत असलेली विचारपूस, म्हणजे ‘तुम्हाला काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा’ ही, क्वचितच केली जाते. ती केली असती तर ‘बरा’ या शब्दाचा घोटाळा पहिल्या दहा माणसांतच उघड झाला असता.

नंतर क्रोनबाख यांचा १९५१ मधील अल्फा गुणांक काढला जातो. ३० प्रश्न असले आणि त्यांतले चार बूट-मोज्यांचे, तीन खुर्चीचे असले की हा गुणांक उंच येणारच. एकाच गोष्टीचे निरनिराळे प्रश्न परस्परांशी सहमत होतात. काही दिवसांनी तीच मुलाखत पुन्हा घेतली तर उत्तरे जुळतात, कारण घरातली रीत आठवड्यात बदलत नाही. शेवटी दवाखान्यातील क्षमता-चाचणीशी सहसंबंध दाखवला जातो आणि तो जितका उंच तितके साधन वैध मानले जाते. या साधनाबाबत हा युक्तिवाद विपरीत आहे. क्षमता आणि वापर भिन्न आहेत या गृहीतकावरच ते उभे आहे. मराठी रूपाचा क्षमता-चाचणीशी सहसंबंध मूळ रूपापेक्षा फारच उंच आला, तर रुग्णांनी सगळे प्रश्न ‘-वतो’ने ऐकले, असा संशय आधी घ्यायला हवा.

उस्वत्ते यांच्या गटाने मूळ साधन पडताळताना मनगटावर बांधायच्या गतिमापकाचा आधार घेतला होता. हे यंत्र हालचाल मोजते, त्याला भाषा नसते. मराठी रूपासाठी दोन्ही मनगटांवर काही दिवस ते बांधून मिळालेले प्रमाण प्रश्नावलीच्या गुणांकाशी ताडून पाहणे हा जास्त प्रामाणिक मार्ग आहे. त्यातही जेथे ‘दुसऱ्याने केले’ ही उत्तरे अधिक आहेत अशा घरांचा गट वेगळा काढून पाहावा लागेल.

तुलनात्मकतेचा आक्षेप येथे घेतला जाईल : कृती बदलल्या तर आपला गुणांक जगातील गुणांकांशी कसा ताडायचा? आक्षेप रास्त आहे. म्हणून मूळ कृती शक्य तेथे तशाच ठेवून त्यांचा गुणांक स्वतंत्र द्यावा. भाकरी मोडणे, निऱ्या, नाडी, नमस्कार, पिळणे यांसारख्या आठ-दहा कृतींची पुरवणी निराळी जोडून तिचा गुणांक वेगळा द्यावा. ‘दुसऱ्याने केले’ या उत्तरानंतर एक जादा प्रश्न सक्तीचा करावा : ‘त्यांनी केलं नसतं, तर तुम्ही त्या हातानं करून बघितलं असतं का?’ हा प्रश्न काळजीवाहक खोलीबाहेर असताना विचारावा, आणि त्याचे उत्तर गुणात न धरता शब्दांत, रुग्णाच्याच बोलीत लिहून ठेवावे.